दोन संथ कॉम्प्युटर, दोन एसएसडी: गणपती ते दिवाळीतली हकिगत

ऑगस्ट २०२५ संपत आला तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या घरात दोन कॉम्प्युटर होते आणि दोन्ही आता काढून टाकायचे यावर घरात एकमत झालेलं होतं. एक माझा लॅपटॉप, २०१९चा: आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. त्यावर मी नववी-दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. दुसरा सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा डेस्कटॉप, २०१४ साली असेंबल करून घेतलेला. अण्णा आमच्या सोसायटीचे खजिनदार आहेत. मेंटेनन्सच्या पावत्या, थकबाकीच्या याद्या, नोटिसा, सगळा कारभार त्या मशीनवर.

सहाच्या तासासाठी मला लॅपटॉप पावणेसहाला सुरू करून ठेवावा लागे. डेस्कटॉप सुरू व्हायचा, पण एक्सेलची फाइल उघडेपर्यंत अण्णांचा पेपर वाचून व्हायचा. स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडूनही न बघता सांगितलं, "मॅडम, प्रोसेसर जुना झाला. यात पैसे घालू नका, नवीनच घ्या." नवीन म्हणजे पंचेचाळीस-पन्नास हजार, दोन मशीन म्हणजे लाखाच्या घरात. दिवाळीत हप्त्यावर घेऊ, असं नवरा म्हणालाही. हा सल्ला ऐकून चांगली चालती यंत्रं भंगारात जाताना मी आमच्या बिल्डिंगमध्येच पाहिली आहेत. त्यातल्या कित्येकांचं काम तीन-चार हजारांत भागलं असतं, याची मला हळहळ वाटते. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सुरुवात एका फुकटच्या तपासणीने झाली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप रखडलेला असताना तो उघडून बघितला. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, १०-१२ टक्के, मेमरी निम्म्याच्या थोडी वर, आणि डिस्क १०० टक्के, लाल. पाच मिनिटं तशीच. प्रोसेसर जुना झाला म्हणावं तर तो बिचारा रिकामा बसून होता. तो वाट बघत होता डिस्कची.

याचं कारण समजून घ्यायला मला एक संध्याकाळ लागली, आणि ते समजल्यावर पुढची भीती निम्मी झाली. लॅपटॉपच्या साध्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० वेळा फिरतात. म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, शिवाय ते डोकं धरणारा हात त्या जागी सरकायला वेळ. असं धरून एका ठिकाणची नोंद वाचायला १५ मिलिसेकंदांच्या आसपास जातात, म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर नोंदी. एकच मोठा व्हिडिओ सलग वाचायचा तर हे चालून जातं. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक बारीक फायली डिस्कभर विखुरलेल्या असतात. तहसील कचेरीत एकच शिपाई असावा आणि प्रत्येक कागदासाठी त्याला वेगळ्या कपाटाशी जावं लागावं, तसं हे आहे. साहेब कितीही हुशार असले तरी टेबलावर कागद आल्याशिवाय सही होत नाही. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या ऐवजी लावायची डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच. सगळं चिपवर, त्यामुळे कुठलीही नोंद मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात हाती येते आणि सेकंदाला हजारोंनी येते. म्हणून दहा वर्षं जुन्या मशीनलाही त्याने फरक पडतो.

गणपतीत घरी सगळे जमलेले असताना दुसरी तपासणी केली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची तब्येत सांगतं. लॅपटॉपच्या डिस्कसमोर निळं 'गुड' आलं. अण्णांच्या डेस्कटॉपवर पिवळं 'कॉशन'. खालच्या यादीत 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या ओळीत शून्य असायला हवं होतं, तिथे आकडा होता. डिस्कवरच्या काही जागा आता नीट वाचता येत नाहीत, असा त्याचा अर्थ. म्हणजे एक मशीन नुसतं संथ होतं आणि दुसऱ्याची डिस्क चक्क मरायला टेकली होती. दोघांची लक्षणं बाहेरून अगदी सारखी! ही तपासणी केली नसती तर मी आधी माझा लॅपटॉप हातात घेतला असता.

अण्णांना सांगितल्यावर ते म्हणाले, "अगं, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते. ऑडिट झालेले हिशोब सभासदांना द्यायचेत. सभा होईपर्यंत त्याला हात लावू नकोस." त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण डिस्क सभेपर्यंत थांबेलच असं नव्हतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "अण्णा, जुनी डिस्क मी पुसणार नाही, तिच्यात काही बदलणारही नाही. नवी वेगळी जोडते. नाही जमलं तर जुनी परत लावून देते." या अटीवर ते तयार झाले, आणि हीच अट पुढे कामाला आली.

त्याच संध्याकाळी डेटा बाहेर काढला. आजारी डिस्कच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. आधी सोसायटीचं फोल्डर, मग बँकेची स्टेटमेंट, मग फोटो, सगळ्यात शेवटी सिनेमे वगैरे. अशा डिस्कवर डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली एकत्र लावणं) किंवा संपूर्ण स्कॅन चालवू नका, होता होईल तेवढं कमी पळवा. दोन-तीन फायली कॉपी होईनात. त्या सोडून पुढे गेले आणि नंतर मेलच्या सेंट फोल्डरमधून मिळवल्या. लॅपटॉपचा डेटाही पोर्टेबल डिस्कवर घेतला. शिवाय रोज रात्री सोसायटीचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकायचं, हे अण्णांनी स्वतःच्या अंगावर घेतलं आणि एक दिवसही चुकवलं नाही.

डेस्कटॉपवर आणखी एक गोष्ट सांभाळायची होती, जी मराठी घरांत हमखास विसरली जाते. अण्णांच्या दहा वर्षांच्या नोटिसा श्री-देव-०७०८ या जुन्या फॉन्टमध्ये होत्या. हे फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे मराठी अक्षरांची सगळीकडे चालणारी पद्धत ते पाळत नाहीत. नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसला तर 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' याच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो, आणि माणूस फाइल खराब झाली समजून ती उडवून टाकतो. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते सगळे फॉन्ट आधी कॉपी करून घेतले. घरात कुणी हिशोबाचं टॅली वापरत असेल तर त्याचं लायसन्सही जुन्या डिस्कवरून आधी सरेंडर करा, म्हणजे ते नव्या डिस्कवर घेता येतं.

खरेदीला विसर्जन आटोपल्यावर, मंगळवारी ९ सप्टेंबरला गेले. शेजारचे काका म्हणत होते, थांब, २२ तारखेला जीएसटी कमी होतोय. घोषणा वाचून बघितली. टीव्ही, एसीवरचा २८चा १८ होणार होता, कॉम्प्युटरच्या भागांवर आधीपासूनच १८ टक्के होता आणि तोच राहणार होता. थांबण्यात अर्थ नव्हता.

मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार, लॅमिंग्टन रोड, लोकांना वाटतो तेवढा अंगावर येणारा नाही. डोंबिवलीहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो गाडी, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. जाताना मॉडेल नंबर लिहून न्या. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घेतलं होतं, त्यातून कळलं की आत हार्ड डिस्कच्या खणाशिवाय एक एम-डॉट-टू खाच रिकामीच आहे. २०१८-१९च्या सुमाराच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये अशी खाच असते. कंपनीने स्वस्त पडावं म्हणून आत साधी हार्ड डिस्क दिलेली असते आणि वेगवान जागा ओस पडलेली असते. आपल्या मशीनमध्ये ती आहे का, ते नक्की बघा. मात्र एम-डॉट-टू हा नुसता आकार आहे. त्या आकारात साटा (जुनी, कमी वेगाची) आणि एनव्हीएमई (नवी, जास्त वेगाची) अशा दोन जाती येतात, दिसायला जवळजवळ सारख्या. मॅन्युअलमध्ये जी चालते लिहिलंय तीच घ्यायची.

डेस्कटॉपसाठी अडीच इंची साटा एसएसडी घेतली, ५०० जीबी, ३४५० रुपये. लॅपटॉपसाठी एनव्हीएमई, तीही ५०० जीबी, ३३०० रुपये. एनव्हीएमई स्वस्त बघून मी चकित झाले, पण दुकानदार म्हणाला, आता तीच जास्त खपते. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीला थांबतो, एनव्हीएमईचा काही हजारांत जातो. रोजच्या वापरात हा दुसरा फरक तितका जाणवत नाही. खरी उडी हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येण्यात आहे. म्हणून जुन्या मशीनला फक्त साटा चालते म्हणून खट्टू होऊ नका. डेस्कटॉपला ४ जीबी रॅम होती, तिथे ८ जीबीची जुनी डीडीआर-थ्री पट्टी ९०० रुपयांना घेतली. साटा केबल ६०, छोट्या डिस्कचा ब्रॅकेट ८०, जुनी लॅपटॉप डिस्क घालायला यूएसबीची केस ४५०, स्क्रू ड्रायव्हरचा सेट २५०. जेवणखाण आणि तिकीट सोडून साडेआठ हजारांच्या आत सगळं. दर रोज हलतात, त्या दिवशीचा ऑनलाइन दर मोबाइलवर बघून मगच बोला.

दोन गोष्टी तिथे अडून बसून घेतल्या. एक, पक्कं जीएसटी बिल, त्यावर दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर लिहून. दुसरी, एम-डॉट-टूचा इवलासा स्क्रू. लॅपटॉपच्या रिकाम्या खाचेत तो बऱ्याचदा नसतोच, आणि तो नसला की डिस्क वर उचलली जाते. ऑनलाइन घेणाऱ्यांनी एक सांभाळा: हजार-दीड हजारात १६ टीबी एसएसडी म्हणून जे काही विकलं जातं ते बनावट असतं. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि ते खोटी क्षमता दाखवतं. आणि ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसली तर फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

शनिवारी १३ तारखेला डेस्कटॉप उघडला. आजारी डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन काढायचा नाही, कोरं विंडोज टाकायचं हे ठरवलेलं होतं. न वाचता येणाऱ्या जागांवर क्लोनिंग अडखळतं आणि डिस्कला विनाकारण घासतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, एवढ्यावर विंडोज १०ची प्रत तयार झाली. प्रॉडक्ट की मागितली तिथे 'माझ्याकडे नाही' हा पर्याय निवडला. आधी याच मशीनवर विंडोज सक्रिय होतं, आणि तो डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. डिस्क बदलली तरी इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप सक्रिय होतं, आमचं झालं.

आत डोकावल्यावर पहिली गोष्ट दिसली ती धूळ. गॅलरीत नेऊन ब्रशने काढली. प्लग काढून, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज घालवली आणि कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावूनच भागांना हात लावला. अंगावरच्या स्थिर विजेने चिप जाऊ शकते. जुनी डिस्क न काढता फक्त तिच्या दोन्ही केबल सोडवल्या. मदरबोर्डवर चार साटा जागा होत्या, त्यातल्या दोन सेकंदाला ६ गिगाबिट वेगाच्या आणि दोन ३च्या. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. नवी डिस्क ६च्या जागेत लावली. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, साटा मोड आयडीई (जुनी पद्धत) असेल तर एएचसीआय (नवी) करायचा, तोही विंडोज टाकण्याच्या आधी. दुपारी चारपर्यंत विंडोज, प्रिंटर, श्री-देवचे फॉन्ट, सोसायटीचं फोल्डर, सगळं जागेवर होतं. नव्या नोटिसांसाठी विंडोजमधलाच मराठी फोनेटिक कीबोर्ड लावून दिला. अण्णांनी एक्सेल उघडलं, ते लगेच उघडलं, आणि ते माझ्याकडे बघत राहिले.

त्यांचा आनंद चार-पाच दिवस टिकला. पुढच्या आठवड्यात एका सकाळी काळ्या पडद्यावर ओळ आली: बूट डिव्हाइस सापडत नाही. बायोसमध्ये डिस्कचं नावच नाही. पोटात गोळा आला हे खरं. आधी केबल बदलली, मग दुसऱ्या जागेत लावून पाहिली, मग यूएसबीच्या केसमध्ये घालून लॅपटॉपला जोडली. कुठेच दिसेना, तेव्हा दोष डिस्कचाच हे नक्की झालं. इलेक्ट्रॉनिक वस्तू बिघडायची असेल तर पुष्कळदा पहिल्या काही दिवसांतच बिघडते. म्हणून तर जुनी डिस्क लगेच पुसायची नाही. मी तिच्या केबल परत जोडल्या, पेनड्राइव्हवरून आदल्या रात्रीचं फोल्डर टाकलं, आणि अर्ध्या तासात अण्णा पुन्हा त्यांच्या थकबाकीच्या यादीवर होते. संथ, पण चालू.

मग वॉरंटीचा प्रवास. दुकानाने हात वर केले: सात दिवस झाले, आता कंपनीकडे जा. कंपनीच्या साइटवर तक्रार नोंदवली. बिलाचा फोटो, डिस्कवरच्या सिरियल नंबरचा फोटो आणि काय काय करून पाहिलं याची माहिती मागितली. मी केबल, जागा आणि दुसरं मशीन, तिन्ही प्रयोग क्रमाने लिहिले. ते लिहिलं नसतं तर पुन्हा तेच करून बघा असं उत्तर येऊन आठवडा गेला असता. दोन दिवसांनी मंजुरीचा नंबर आला आणि मुंबईतल्या त्यांच्या केंद्राचा पत्ता. १९ सप्टेंबरला डिस्क दिली, शिक्क्याची पोच घेतली. ती पोच जपा. पुढच्या प्रत्येक फोनवर तोच नंबर विचारतात.

इथे मला सगळ्यात जास्त खटकलेली बाब सांगते. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा मिळत नाही. आणि जी डिस्क दिसतच नाही ती पुसताही येत नाही, म्हणजे आपला डेटा तिच्यासोबत परक्या हातात जातो. म्हणून त्याआधी अण्णांच्या मेलचा आणि नेटबँकिंगचा पासवर्ड बदलला, कारण ब्राउझरमध्ये ते साठवलेले होते. सभासदांचे फोन नंबर असलेल्या फायलींना पासवर्ड होता, एवढं समाधान.

डेस्कटॉप वाट बघत असताना लॅपटॉप उरकला, २१ सप्टेंबरच्या रविवारी. त्याची डिस्क निरोगी होती, त्यामुळे क्लोन. मला शिकवणीची सगळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकायची नव्हती. बहुतेक नावाजलेल्या कंपन्या आपल्या एसएसडीबरोबर क्लोनिंगचं सॉफ्टवेअर मोफत देतात, साइटवरून उतरवून घ्यायचं. ते नसेल तर क्लोनझिला आहे, मोफत आणि भरवशाचं, पण त्याचा पडदा बघून नवखा माणूस बिचकतो. माझ्या १ टीबी डिस्कवर ३०० जीबीच्या आसपास भरलेलं होतं. जेवढं भरलंय तेवढं नव्या डिस्कवर मावलं की झालं, जुनी डिस्क मोठी असली तरी हरकत नाही. सुरुवातीला सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का ते बघितलं. माझ्याकडे बंद होतं. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा आणि एन्क्रिप्शन बंद करून मगच पुढे जा.

शिफ्ट दाबून शटडाउन केलं, म्हणजे मशीन पूर्ण बंद होतं. पाठीमागचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे होते, म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्याच्या त्याच्या जागी ठेवले. लांब स्क्रू आखूड जागेत गेला तर वरच्या बाजूने कीबोर्ड फुगतो. दोन स्क्रू रबरी पायांखाली दडलेले निघाले. झाकणाच्या कडेने जुनं एटीएम कार्ड फिरवलं, टक् टक् करत लॉक सुटत गेले. सगळ्यात आधी बॅटरीची क्लिप काढली. मग ती चॉकलेटच्या पट्टीएवढी डिस्क, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, खाचेत तिरकी सरकवली. सोनेरी दाते पूर्ण आत गेल्यावर ती आपोआप तिरकी उभी राहते, तिला हलकेच बोटाने खाली दाबायचं आणि तो इवला स्क्रू लावायचा. जोर लावावा लागला तर काहीतरी चुकतंय, थांबा.

जुनी डिस्क आतच ठेवून लॅपटॉप सुरू केला, सॉफ्टवेअरमध्ये कुठून आणि कुठे हे दोनदा वाचून क्लोन लावला. हे दोन पर्याय उलटे झाले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, म्हणून नावापेक्षा आकडा बघा: ९३१ वरून ४६५ वर. अडीच तास लागले. ते संपल्यावर पुन्हा पूर्ण बंद करून जुनी डिस्क काढली आणि मगच सुरू केला. एकसारख्या दोन डिस्क एकदम जोडलेल्या असल्या तर विंडोज त्यातली एक बाजूला टाकतं आणि आपण चक्रावतो.

बटण दाबल्यापासून पंधरा सेकंदांत लॉगिनचा पडदा. मी खरंच पुन्हा बंद करून पुन्हा सुरू केला. पूर्वी डेस्कटॉप दिसल्यावरही चार मिनिटं माउस रखडायचा, आता ब्राउझर, बोर्ड, मीटिंग, सगळं हाकेला ओ देतं. नवरा शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मग पन्नास हजारांचं काय करायचं?" दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. मी सहाच्या तासासाठी लॅपटॉप सहाला दोन मिनिटं कमी असताना उघडला. आठवी पिढी असल्यामुळे हा विंडोज ११ला पात्र होता. बायोसमध्ये पीटीटी ही विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय चालू केली आणि त्याच आठवड्यात मोफत अपग्रेड झाला.

२८ सप्टेंबरला सभा झाली, हिशोब मंजूर झाले, जुन्या पिवळ्या डिस्कने तग धरला. बदली डिस्क कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, ७ ऑक्टोबरला हातात पडली. तिची वॉरंटी नव्याने सुरू होत नाही, आधीच्या बिलाच्या तारखेपासूनच चालते. या वेळी लावण्याआधी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने ती काठोकाठ भरून आणि वाचून पाहिली, मग ११ तारखेला विंडोज टाकलं. डेस्कटॉपचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, तो विंडोज ११ घेत नाही, आणि विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपत होता. अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी दिसत होती, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून आणि सेटिंगचा बॅकअप चालू करून ती पैसे न भरता झाली. त्यावर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत चालेल. त्यानंतर अण्णांचं काय करायचं ते तेव्हा बघू. नुसतं मेल आणि पेपर वाचणाऱ्यांना अशा मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकता येईल.

एसएसडी लावल्यावर फार काही करावं लागत नाही. डीफ्रॅग करायचं नाही, विंडोज ती एसएसडी आहे हे ओळखून आपलं ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी करायचं काम, चालवतं. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवली की वेग टिकतो. आणि बॅकअप चालूच ठेवायचा. हार्ड डिस्क जाण्याआधी पुष्कळदा कुरकुर करते, एसएसडी आमच्यासारखी एका सकाळी गायब होते.

लॅपटॉपची जुनी डिस्क महिनाभर तशीच ठेवली आणि मग पुसून यूएसबीच्या केसमध्ये घातली. ती आता बॅकअपला आहे. अण्णांच्या पिवळ्या डिस्कवर कुणाचाच डेटा ठेवायचा नाही, आणि ती कुणाला द्यायचीही नाही. दिवाळीच्या साफसफाईत तिला पूर्ण फॉरमॅट केलं, झटपटवालं नव्हे. मग नवऱ्याने ड्रिलने तबकडीतून आरपार भोकं पाडली, कारण खराब झालेल्या जागांवर फॉरमॅट पोचत नाही. डेस्कटॉपच्या डिस्कची तबकडी बहुधा अॅल्युमिनियमची असते. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये काच असू शकते, ती अशी फोडायला जाऊ नका. उरलेला सांगाडा ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिला.

भाऊबीजेला नाशिकची नणंद तिचा लॅपटॉप घेऊनच आली. "वहिनी, माझाही करून दे ना." उघडून पाहिला तर आत डिस्क अशी नव्हतीच. ६४ जीबीची ईएमएमसी चिप, थेट बोर्डवर डाखलेली, आणि दुसरी खाचही नाही. स्वस्त आणि पातळ लॅपटॉपमध्ये असं असतं. "ताई, यात पैसे घालू नका," असं मला तिला सांगावं लागलं. फोटो आणि डाउनलोड पेनड्राइव्हवर काढून, नको ती सॉफ्टवेअर उडवून वीसेक जीबी जागा मोकळी करून दिली. तेवढ्यावर तिचं यंदाचं वर्ष निघेल. नवीन घेशील तेव्हा डिस्क बदलता येते का ते आधी विचार, असं सांगून मॉडेल बघायला तिच्याबरोबर बसले आहे.